विला कोल्यूचा बेडूक

"डॉक्टर, तुमचे बेडूक द्या," निकानोर म्हणाला.

गावातली कर्ती पुरुषमंडळी सकाळपासून अंगणात भिंतीला पाठ लावून बसली होती. कानांवर ओढलेल्या लोकरी टोप्या, त्यांवर हॅट, गालात कोकाच्या पानांचा तोबरा. त्या मुलखात मागायला आलेला माणूस आल्याआल्या मागत नाही. आधी बसतो. त्याच्या नुसत्या बसण्याने घरमालकाला ओशाळं वाटायला लागलं, की मग तोंड उघडतो. माझा दोनदा चहा देऊन झाला होता. तिसऱ्यांदा विचारायला बाहेर आलो, तर हे.

"कशाला?" मी विचारलं. कशाला ते मला चांगलं ठाऊक होतं.

"वर न्यायला." निकानोरने हनुवटीने डोंगर दाखवला. त्या वर्षी गावचा मुखिया तो होता. खांद्यावरून आडवा चाबूक बांधलेला असायचा, पण तो अधिकाराचा, मारायचा नव्हे. "पाऊस नाही. लामांची पिल्लं मरताहेत. अशा वेळी बेडूक वर नेऊन ठेवायचे, ही आमची रीत. झऱ्यांत आता एकही उरलेला नाही. तुमच्याकडे दोन आहेत."

"दोनच आहेत," मी म्हणालो. "सगळ्या जगात दोनच असतील कदाचित."

"आम्हांला दोन पुरतील."

"वर नेऊन काय करता त्यांचं?"

"मडक्यात ठेवतो. कोरड्या. ते पाण्यासाठी ओरडतात. डोंगराला दया येते, पाऊस पडतो. मडकं भरलं की उड्या मारून जातात आपापल्या घरी."

"आणि पाऊस नाही पडला तर?"

निकानोरला हा प्रश्न आवडला नाही. त्याने गालातली पानं या बाजूची त्या बाजूला केली आणि कोपऱ्यात बसलेल्या फोर्तुनाताबाईंकडे पाहिलं. घर त्यांचं होतं, मी भाडेकरू. बाई चातीवर लोकर कातत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"नाही देता येणार," मी म्हणालो. "काही झालं तरी नाही."

मंडळी उठली. कुणी रागावलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. एकेक जण माझ्याशी हात मिळवून गेला. त्यानेच मला जास्त भीती वाटली.

मी मूळचा आंबोलीचा. आमच्याकडे देवाकडे पाऊस मागत नाहीत, आता पुरे कर म्हणून सांगतात. चार महिने भिंतींना ओल, उशीला बुरशी आणि अंथरुणापर्यंत बेडूक. त्या बेडकांतच पुढे मी डॉक्टरेट केली. नातेवाइकांत त्यावरून पुष्कळ चेष्टा झाली. पोरगा डॉक्टर झाला, पण पेशंट सगळे डबक्यातले. मग आई गेली. वडील आधीच गेलेले, भावंड कुणी नाही. घराला कुलूप घातलं, किल्ली शेजारच्या परबांकडे दिली. तेवढ्यात बोलिव्हियातल्या एका प्रकल्पाला उंच पठारावरच्या पाणबेडकांसाठी माणूस हवा असल्याचं कळलं. मला जा म्हणणारं कुणी नव्हतं आणि नको म्हणणारंही कुणी नव्हतं. अशा माणसाची नेमणूक पटकन होते.

विला कोल्यू म्हणजे लाल डोंगर. तिथल्या आयमारा लोकांना डोंगरांची नावं ठेवायचा कंटाळा असावा, कारण त्या पठारावर विला कोल्यू जागोजाग आहेत, आपल्याकडे वडगावं असतात तसे. आमचा त्यांतलाच एक. कळसूबाईवर कळसूबाई ठेवून वर आणखी एक ठेवली, तरी त्याच्या माथ्याला हात लागणार नाही. पण गावच मुळी इतक्या उंचीवर, की तिथून तो नुसता समोर बसून राहिल्यासारखा दिसायचा. अंग गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचं, डोक्यावर बर्फाची टोपी, आणि त्या वर्षी ती टोपीही आखडत चाललेली. पश्चिमेला मिठाचं तळं, त्याच्यापलीकडे चिलीची हद्द. पूर्वेला नजर थकेपर्यंत टोचऱ्या पिवळ्या गवताचं पठार. ढग यायचे ते पूर्वेकडून. तिकडे पावसाळा नाताळच्या आधीच लागतो, पण त्या वर्षी नाताळ होऊन गेला तरी ते क्षितिजावर येऊन थांबत आणि परत जात. डोंगराच्या पायथ्याला झऱ्यांनी भिजलेलं एक हिरवं कुरण होतं. सगळ्या गावच्या लामांचं, त्या लांब मानेच्या लोकरी जनावरांचं, पोट त्याच्यावर. ते आता कडेकडेने तपकिरी होत चाललं होतं.

त्या गावात मला नाव नव्हतं. माझं आडनाव राऊळ. स्पॅनिशमध्ये राऊल हे पाळण्यातलं नाव असतं, त्यामुळे कागदावर मी सेन्योर राऊल झालो आणि दिगंबर विमानतळावरच कुठेतरी राहून गेला. गावकऱ्यांनी राऊलही सोडून दिलं. नुसता डॉक्टर. वर्षभर मला दुसऱ्या कशानेही कुणी हाक मारली नव्हती. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी स्वतःला सांगत असे.

बेडकांचं असं झालं होतं, की कातडीच्या एका रोगाने झरेच्या झरे रिकामे केले होते. पहिल्या थंडीत, तिकडे ती जूनमध्ये पडते, मला एक नर सापडला. सैल कातडीचा, ढगळ कोट घातलेल्या पेन्शनरासारखा. मी त्याला भाऊसाहेब म्हणायचो. फोर्तुनाताबाईंच्या मागच्या खोलीत काचेच्या टाकीत त्याला ठेवलं. संध्याकाळ झाली की तो पाण्याखालून टकटक करी. मादीला बोलावत असे. सगळा हिवाळा बोलावत राहिला. मी त्याच्यासाठी दूरदूरचे झरे पालथे घातले, मिठाच्या तळ्यापर्यंत जाऊन आलो, आणि शेवटी मादी सापडली ती आमच्याच कुरणाच्या टोकाला, फोर्तुनाताबाई रोज हंडा भरत त्या झऱ्यात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिचं नाव अर्थातच वहिनी. त्या दोघांना एका टाकीत ठेवून काहीच दिवस झाले होते. दोघं दोन कोपऱ्यांत बसून राहात. त्यांचं जमलं तर त्या जातीचा वंश राहणार होता, नाही जमलं तर संपला. आणि निकानोर म्हणत होता, आम्हांला दोन पुरतील.

दुसऱ्या दिवशी फोर्तुनाताबाईंच्या कळपातलं सगळ्यांत लहान पिल्लू मेलं. आईच्या सडांना दूध नव्हतं. मी बाटलीने पाजायचा प्रयत्न केला, पण त्याने मान टाकली. बाईंनी त्याच्या कानातला गुलाबी लोकरीचा गोंडा सोडवून घेतला आणि कमरेला खोवला.

"तुम्ही काल काही बोलला नाहीत," मी म्हणालो.

"मला कुणी विचारलं नाही."

"आता विचारतो. देऊ का बेडूक?"

बाई पिल्लाशेजारी जमिनीवर बसल्या. "बेडूक तुझे नाहीत," त्या म्हणाल्या. "माझेही नाहीत. डोंगराचे आहेत. पण सांभाळतोस तू. मी लामा सांभाळते. सांभाळणाऱ्याने दुसऱ्याच्या हातात काढून द्यायचं नसतं."

"मग गाव?"

"गाव तुला काही करणार नाही. तुझ्याशी बोलणार नाही फक्त." पिल्लाच्या अंगावरची धूळ झटकत त्या म्हणाल्या, "आणि कुरण सुकलं तर मला पोराकडे जावं लागेल. इकीकेला. समुद्रापाशी. तिसऱ्या मजल्यावर त्याची एक खोली आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. एकदा गेले होते. डोंगर कुठल्या बाजूला आहे तेच कळेना, झोपायचं कुठे डोकं करून?"

त्या गेल्या तर त्या गावात माझ्यासाठी चूल पेटवणारं कुणी उरणार नव्हतं. पण खरं सांगायचं तर चुलीचं नव्हतं ते. संध्याकाळी त्या दारातल्या दगडावर कातत बसत, मी पायरीवर बसे. आम्ही फारसं बोलायचो नाही. तेवढंच काय ते माझ्याजवळ होतं.

म्हणून मला एक शक्कल सुचली. रविवारी गाव चर्चच्या पटांगणात जमलं. माझ्याशी बोलणार नव्हते, तरी मी जाऊन उभा राहिलो.

"तुम्हांला बेडकाचा आवाज हवाय ना?" मी म्हणालो. "तो माझ्याकडे आहे. भाऊसाहेबाचा हिवाळाभरचा आवाज मी यंत्रात घेतलाय. यंत्र वर ठेवू. दिवसभर ओरडेल. बेडूक टाकीत राहू दे."

मंडळींत कुजबुज झाली. तरुण माणसांना ते पटलं. बॅटरी किती वेळ चालते असं कुणीतरी विचारलंसुद्धा. निकानोर मात्र डोकं खाजवत राहिला.

तेव्हा बायकांच्या बाजूने फोर्तुनाताबाई उठल्या. "डोंगराला काय यंत्राची दया येणार?" त्या म्हणाल्या. "बेडूक का ओरडतो? त्याला त्याच्या पाण्यातून काढलेलं असतं. त्याच्या माणसांत तो नसतो. कोरड्या दगडावर एकटा असतो. म्हणून ओरडतो. आणि म्हणून डोंगर ऐकतो. यंत्राला कुठलं पाणी आणि कुठली माणसं?"

घोडं पुन्हा तिथेच अडलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, तशाच उभ्या उभ्या. "डॉक्टर, तुझ्या गावात पाऊस किती पडतो म्हणालास?"

"पुष्कळ. चार महिने थांबत नाही."

"मग याला न्या," त्या लोकांना म्हणाल्या. "हा सगळ्यांत लांबच्या पाण्यातून आलाय."

लोक हसले. मीही हसलो. मग त्यांचं हसणं थांबलं आणि माझं एकट्याचं चालू राहिलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ठराव पास झाला आहे.

"पाऊस येईपर्यंत बसायचं?" मी घाबरून विचारलं.

"एक दिवस," फोर्तुनाताबाई म्हणाल्या. "चूल पेटायच्या वेळेला आम्ही खालून ओरडतो. वर बेडूक जे ओरडला तेच. म्हणजे डोंगराला कळतं, हा कुणाचा आहे ते. तेवढं झालं की उतर. बेडकाला आणायला कुणी जात नाही. तुला ऐकू येईल."

डोंगराच्या अंगावर, गावाच्या बरोबर डोक्यावर, एक सपाट कातळ बाहेर आलेला आहे. मागे लाल कडा, पुढे सगळं मोकळं. मी मनातल्या मनात त्याला ओटा म्हणत असे. निकानोर आणि आणखी दोघे मला उजाडता उजाडता तिथे घेऊन गेले. त्यांनी दगडावर दारू शिंपडली, पानं ठेवली, लामाची चरबी जाळली, डोंगराशी बराच वेळ हळू आवाजात बोलले. माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी समजावलंही. वकील अशिलाबद्दल बोलतो, तशा सुरात. मग एक रिकामं मडकं माझ्यापुढे ठेवलं आणि माझ्या खांद्याची पाण्याची बाटली काढून घेतली.

"बेडकाजवळ बाटली नसते," निकानोर दिलगिरीने म्हणाला. मग ते उतरून गेले.

मी बसलो. आजूबाजूला पाहून घेतलं. कुणी नव्हतं, तरी लाज वाटत होती. मग घसा खाकरून सुरुवात केली. आंबोलीच्या बेडकांचे आवाज मला तोंडपाठ आहेत. आमच्या धंद्यात ते लागतात. एक झाला, दुसरा झाला. मागच्या कड्याने सगळे जसेच्या तसे परत केले. खालच्या उतारावर चरणारी हरणासारखी दोन जनावरं मान वर करून बघत राहिली आणि हा काही कामाचा नाही असं ठरवून निघून गेली. ऊन चढलं. त्या उंचीवर ऊन भाजतं आणि वारा त्याच वेळी गोठवतो. ओठ फुटले. दुपारी घसा इतका कोरडा पडला की खरोखरीचा बेडूकसुद्धा त्याहून गोड ओरडला असता. मग आवाज निघेना म्हणून गप्प बसलो.

पाऊस त्या दिवशी आला नाही, हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही माझ्यासारखे आभाळाकडे बघत बसाल. तो नंतर आला, उशिरा का होईना पण कुरण वाचवण्यापुरता आला. फोर्तुनाताबाई शेवटपर्यंत त्यांच्या डोंगराकडे डोकं करूनच झोपल्या. उशीर झाला तो माझी भाषा परकी होती म्हणून, डोंगराला अर्थ लावायला वेळ लागला, असं निकानोरचं म्हणणं. आणि पुढच्या हिवाळ्यात वहिनींनी अंडी घातली. पण त्या दिवशी यातलं काही मला ठाऊक नव्हतं. वर कोरडं आभाळ होतं, पुढ्यात रिकामं मडकं होतं आणि मी होतो.

ऊन कललं. कड्याची सावली ओट्यावर आली. खाली गावात एकेका घरातून धूर निघायला लागला. लामांना कुंपणात घालत होते. माणसं मुंग्यांएवढी दिसत होती, पण कुठली बाई कुठल्या दारात उभी आहे ते कळत होतं.

आंबोलीला आमच्या घरामागे ओहोळ आहे. लहानपणी त्या वेळेला मी कायम त्यात असायचो, गुडघाभर पाण्यात, बेडकांच्या मागे. अंधारून यायचं. मग आई मागच्या पडवीच्या कडेला येऊन हाक मारायची. तिची हाक ओहोळापलीकडच्या रानात जाऊन परत यायची. मी "इलंय गे आये" म्हणायचो आणि जायचो नाही. ती पुन्हा मारायची. मी पुन्हा इलंय म्हणायचो. तिसऱ्या हाकेला तिचा आवाज बदलायचा, तेव्हा मात्र जावं लागे. मोठा झालो, नोकरीला लागलो, सुट्टीला घरी गेलो की केस पांढरे झालेली तीच बाई त्याच पडवीत येऊन तशीच हाक मारायची. ती गेल्यापासून मला कुणी घरी बोलावलं नव्हतं. जेवायला पुष्कळांनी बोलावलं. घरी या म्हणून कुणी नाही.

मी ठरवून काही केलं नाही. सकाळपासून बेडकाचा आवाज काढत होतो, आणि आता तोंड उघडलं तर बाहेर पडलं ते हे:

"रे दिगूऽऽ! घराक ये रेऽऽ!"

कड्याने ते उचलून खाली टाकलं. फुटलेल्या घशाने मी माझंच नाव ओरडत होतो. मला थांबता येईना. पुन्हा ओरडलो, पुन्हा ओरडलो, आईचा ओढून घेतलेला शेवटचा हेल जसाच्या तसा. आणि मग रडलो. ओक्साबोक्शी रडलो. ती गेली तेव्हा भटजी होते, परब होते, माणसं येत-जात होती, चहाचं बघायचं होतं; तेव्हा मला रडता आलं नव्हतं. इतक्या लांब यावं लागलं.

कितीतरी वेळाने आवाज बसला. मी मडक्याला टेकून गप्प झालो. खालीही सगळं शांत होतं.

मग खालून एक बारीक आवाज आला. म्हातारीचा, चिरकलेला. मी कान दिले.

"तिकूऽऽ!"

आयमारा जिभेला द जमत नाही आणि ग तर नाहीच नाही.

"रे तिकूऽऽ! काराक ये रेऽऽ!"

फोर्तुनाताबाई दारातल्या दगडावर चढून उभ्या होत्या. त्यांना त्याचा अर्थ माहीत नव्हता. बेडूक वर ओरडला, म्हणून खालून त्या ओरडत होत्या, हा कुणाचा आहे ते डोंगराला कळावं म्हणून. मग शेजारच्या दारातून दुसरी बाई ओरडली. मग निकानोरचा घोगरा आवाज. मग कुंपणापाशी उभी असलेली माणसं, मग पोरंबाळं, मग सगळं गाव. तिकू काराक ये, तिकू काराक ये. हेलसुद्धा आईचाच, शेवटी ओढून घेतलेला. विला कोल्यूच्या कड्याला तो आवाज लागून माझ्या अंगावर परत येत होता, खालून आणि मागून, दोन्हीकडून.

मी उठलो. पाय बधिर झाले होते, म्हणून मांड्या चोळल्या. मडकं होतं तिथेच राहू दिलं. तिसरी हाक होऊन गेली होती.

"इलंय गे आयेऽऽ," मी उरलासुरला घसा ताणून ओरडलो, "इलंय!"

आणि या खेपेला खरोखरच उतरायला लागलो.